लांब शब्द कोठे तोडावा?

काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील एक मुलगी मत्स्यशास्त्राच्या तोंडी परीक्षेला बसली होती. तिचे घर वेसाव्याच्या कोळीवाड्यातले, म्हणजे नकाशावर ज्याला वर्सोवा म्हणतात तेथले. आजी मासळी विकायची, वडील होडीवर. भरती-ओहोटीच्या ओढीवर डोल कशी लावतात आणि तीत बोंबील कसा येतो हे तिला पुस्तक उघडण्याआधीपासून ठाऊक होते. परीक्षकांपैकी एक गृहस्थ परदेशचे होते. एका जुन्या पाहणीविषयी सांगताना मुलीने 'इक्थिऑलॉजिकल' हा शब्द उच्चारला. त्याचा अर्थ एवढाच, की मत्स्यशास्त्राविषयीचे. गृहस्थांना शब्द कळला नाही. तिने तो पुन्हा, जरा मोठ्याने सांगितला. तरीही कळला नाही. तिसऱ्या वेळी तिने तो एकेक अक्षर सुटे करून, शाळेत श्रुतलेखन घालतात तसा सावकाश म्हटला, आणि मग तर तो मुळीच कळला नाही. शेवटी तिने कागदावर लिहून दाखविला. गृहस्थ हसले, आणि शब्द स्वतः उच्चारून पुढच्या प्रश्नाकडे वळले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हते. पण मुलगी त्यानंतर प्रत्येक प्रश्नाला तीनचार शब्दांत उत्तर देऊ लागली. ती उत्तीर्ण झाली. पण बोंबलाविषयी जे तिला सांगता आले असते ते त्या खोलीत कोणी ऐकले नाही.

परीक्षा कोठली, हे सांगण्याचे कारण नाही. असा प्रसंग आपल्यापैकी अनेकांवर आलेला आहे. आम्हांला विचार करावासा वाटला तो वेगळ्याच गोष्टीचा. मुलीने शब्दातला एकही ध्वनी गाळला नव्हता, एकही वाढविला नव्हता. मग ऐकणाऱ्याला तो ओळखू का आला नाही? आणि जितका स्पष्ट उच्चारावा तितका अधिकच अनोळखी का होत गेला?

प्रथम शब्द मोजून पाहू. देवनागरीत लिहिला म्हणजे त्यात सात अक्षरे दिसतात : इ, क्थि, ऑ, लॉ, जि, क, ल. परंतु लिहिलेले अक्षर आणि बोललेला अवयव या दोन गोष्टी एक नव्हेत. अवयव म्हणजे एका स्वराच्या आधाराने एका दमात बाहेर पडणारा उच्चाराचा तुकडा. आपण 'कमळ' लिहिताना तीन अक्षरे लिहितो आणि बोलताना दोनच अवयव बोलतो : क-मळ्. 'करवत' चार अक्षरांचा, पण बोलण्यात कर्-वत्. शब्दाच्या शेवटचा 'अ' मराठी माणूस उच्चारीत नाही, आणि पुष्कळदा मधलाही गिळतो. तोच न्याय येथे लावला म्हणजे शेवटचे 'क' आणि 'ल' मिळून 'कल्' हा एकच अवयव होतो, आणि आपला शब्द सहा अवयवांचा ठरतो.

दुसरी गोष्ट जोडाक्षराची. लिहिताना आपण 'इ' आणि 'क्थि' असे तोडतो. जीभ मात्र 'इक्' आणि 'थि' असे तोडते. ज्याने शाळेत वृत्ते शिकली आहेत त्याला हे नवे नाही. 'सत्य' या शब्दात 'स' ऱ्हस्व असूनही आपण तो गुरू मानतो. पुढच्या जोडाक्षराचा पहिला व्यंजनांश मागे सरकून त्याच्यावर भार टाकतो, म्हणून. आपल्या प्रातिशाख्यकारांनी कोणते व्यंजन कोणत्या स्वराचे अंग मानावे याची चर्चा केली आहे, आणि दोन स्वरांच्या मधले एकटे व्यंजन पुढच्या स्वराकडे जाते, हा त्यांचा सर्वसाधारण निर्णय आहे. इंग्रजी कोशकारांत या बाबतीत अद्याप एकमत नाही. आपल्या शब्दातला 'ज' 'लॉ' कडे द्यावा की 'इ' कडे, याविषयी अमेरिकेतले कोश 'लॉज्-इ-कल' असे तोडतात. दुसरे 'लॉ-जि-कल' म्हणतात. जे. सी. वेल्स यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या उच्चारकोशात व्यंजन ज्या अवयवावर अधिक जोर असेल त्याच्या पदरात टाकले आहे. छापखान्यात ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याची पद्धत आणखी निराळी. 'फोटोग्राफी' हा शब्द जुने इंग्रज मुद्रक व्युत्पत्ती पाहून 'फोटो'च्या पुढे तोडीत, अमेरिकन मुद्रक उच्चार पाहून 'फोटॉग्'च्या पुढे तोडतात. मराठी माणसाने या भांडणात पडू नये. ऐकणाऱ्याला शब्द कळण्या-न कळण्याशी त्याचा संबंध थोडा. आम्ही सोयीसाठी आपल्या वळणाने 'लॉ-जि' असेच तोडणार आहो.

तेव्हा फोड झाली ती अशी : इक्-थि-अ-लॉ-जि-कल्.

तिसऱ्या अवयवात आम्ही 'ऑ' न लिहिता 'अ' लिहिला, हे चाणाक्ष वाचकाने हेरले असेल. तो मुद्रणदोष नव्हे. सगळी गोम तेथेच आहे.

इंग्रजीत अनेक अवयवांच्या प्रत्येक शब्दात एक अवयव धनी असतो आणि बाकीचे त्याचे चाकर. धन्यावर आघात पडतो, म्हणजे तो जोराने, किंचित लांब आणि वेगळ्या सुरात उच्चारला जातो. चाकरांपैकी एखाद्याला दुय्यम मान मिळतो. उरलेल्यांचे स्वर मात्र झिजून झिजून 'अ' किंवा आखूड 'इ' एवढेच उरतात. मराठीत असे नाही. आपल्या बोलण्यात शब्दातल्या एखाद्या अवयवावर थोडाफार भार पडतो हे खरे, पण त्याने अर्थ बदलत नाही, शेजारचा स्वर झिजत नाही, आणि तो भार इकडचा तिकडे झाला तरी ऐकणारा अडखळत नाही. जोर द्यायचाच झाला तर आपल्यापाशी 'च' आणि 'ही' आहेत. 'मी गेलो होतो' आणि 'मीच गेलो होतो' यांतला फरक इंग्रज मनुष्य नुसत्या आवाजाने करील. म्हणून मराठी माणूस इंग्रजी शब्द उच्चारतो तेव्हा प्रत्येक अवयवाला पंक्तीत सारखे वाढतो. मनाचा मोठेपणा म्हणून हे ठीकच आहे, पण इंग्रजी कान शब्द शोधतो तो धन्याच्या खुणेवरून. सगळेच सारखे सजून आले तर नवरदेव कोणता ते त्याला कळत नाही. सावकाश बोलल्याने तर उरलीसुरली खूणही पुसली जाते. त्या मुलीचे तिसऱ्या वेळी हेच झाले.

हे आमचेच अनुमान आहे असे नव्हे. आर. के. बन्सल यांनी भारतीय माणसाचे इंग्रजी परक्या श्रोत्याला कितपत कळते याचा पद्धतशीर अभ्यास केला होता. तो हैदराबादहून १९६९ साली प्रसिद्ध झाला. शब्द न कळण्याच्या प्रमुख कारणांत त्यांनी चुकीच्या अवयवावर पडलेला आघात गणला आहे.

आता धनी शोधू. कोश पाहण्याची सवय असलेल्यांस ठाऊक असेल, की डॅनियल जोन्स यांच्या १९१७ सालच्या उच्चारकोशापासून आघाताच्या अवयवा'आधी' एक उभी रेघ मारण्याची पद्धत रुळली आहे. ती रेघ आम्ही येथे वापरतो. मत्स्यशास्त्र या नामाचा उच्चार होतो इक्-थि-'ऑ-ल-जी. त्याच्या विशेषणाचा होतो इक्-थि-अ-'लॉ-जि-कल्.

हे दोन उच्चार एकाखाली एक लिहून पाहावे. स्पेलिंगमध्ये 'ओ' हे अक्षर दोन्हींत दोनदा येते. नामात पहिला 'ओ' पूर्ण उच्चारला जातो आणि दुसरा झिजतो. विशेषणात पहिला झिजतो आणि दुसरा पूर्ण होतो. दोघे जागा बदलतात. आपण मात्र दोन्ही ठिकाणी दोन्ही 'ऑ' भरघोस उच्चारतो, आणि मग ऐकणाऱ्याला नाम आले की विशेषण, हेच उमगत नाही. आणि गंमत अशी, की जो झिजलेला स्वर आणण्यासाठी इतर देशच्या विद्यार्थ्यांना तोंड वेडेवाकडे करावे लागते तो आपल्यापाशी जन्मजात आहे. 'कमळ' मधला पहिला 'अ' तोच, किंवा फार तर अर्ध्या पावलावर. आपली अडचण जिभेची नसून लिपीची आहे. इंग्रजी शब्दांसाठी आपण 'ऑ' हे चिन्ह मुद्दाम घेतले आणि मग स्पेलिंगात 'ओ' दिसला की ते लावून मोकळे झालो. कान विचारलाच नाही.

आघात पुढे का सरकला? याचे उत्तर शब्दाच्या शेपटीत आहे. इंग्रजी शब्द डोक्याकडून मोजू नये, शेवटाकडून मोजावा. 'लॉजी' आणि 'ग्राफी' ज्यांच्या शेवटी आहेत त्या शब्दांत शेवटून तिसरा अवयव धनी असतो. 'इक' शेवटी असेल तर त्याच्या लगेच आधीचा अवयव धनी होतो. 'इकल' असेल तरीही 'इक'च्या आधीचाच, म्हणजे पुन्हा शेवटून तिसरा. शब्द एका अवयवाने वाढला, म्हणून धनीही एक घर पुढे गेला. जि-'ऑ-ग्र-फी म्हणजे भूगोल, आणि त्याचे विशेषण जि-अ-'ग्रॅ-फि-कल्. परिस्थितिशास्त्र इ-'कॉ-ल-जी, तर विशेषण ई-क-'लॉ-जि-कल्. समुद्रविज्ञान ओ-श-'नॉ-ग्र-फी आणि विशेषण ओ-श-न-'ग्रॅ-फिक्. हे शब्द वेसाव्याच्या परिसरात नुसते कोशात नाहीत. तेथे १९६१ साली केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था स्थापन झाली. तिला १९८९ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे मुंबईतले केंद्र जवळच चार बंगल्यांपाशी आहे. एका बाजूला बांबूंना दोऱ्या बांधून वाळत घातलेले बोंबील आणि दुसऱ्या बाजूला सहासात अवयवांची विशेषणे, अशी ही वस्ती आहे.

हा 'इक' पाहून आपल्याला आपला 'इक' आठवतोच. समाज, सामाजिक; इतिहास, ऐतिहासिक; भूगोल, भौगोलिक; विज्ञान, वैज्ञानिक. आपला प्रत्ययही शेवटी लागतो आणि लांबवर परिणाम करतो. मात्र तो उडी मारून थेट पहिल्या स्वराला वृद्धी करतो, आणि इंग्रजीतला प्रत्यय शेजाऱ्याला जोर देऊन थांबतो. आपल्याकडे अपवाद आहेत. 'धनिक' आणि 'पथिक' यांत वृद्धी होत नाही, कारण पाणिनीच्या हिशेबी तेथले प्रत्यय निराळे आहेत. इंग्रजीतही अपवाद आहेत : अरेबिक, कॅथलिक, ल्यूनटिक, यांत आघात पहिल्याच अवयवावर पडतो. 'अरिथमेटिक' तर दोन्ही दगडांवर पाय ठेवून आहे. अंकगणित या अर्थी नाम असेल तर अ-'रिथ्-म-टिक्, आणि विशेषण असेल तर अ-रिथ्-'मे-टिक्. विद्यार्थ्याने 'सामाजिक' कधी घोकला नाही. 'समाजिक' कानाला खटकतो म्हणून तो लिहीत नाही. इंग्रजी 'इक'च्या बाबतीतही कान तयार होण्याला दहापंधरा शब्द मोठ्याने म्हणणे पुरते, असा आमचा अनुभव आहे.

पण 'इक'ने मागच्याच अवयवाला का धरावे, याचे मूळ लॅटिन भाषेत आहे, आणि ते आपल्याला परके वाटू नये. लॅटिनमध्ये आघाताचा नियम लघुगुरूंवर चालतो. शेवटून दुसरा अवयव गुरू असेल तर आघात त्याच्यावर. तो लघु असेल तर आघात शेवटून तिसऱ्यावर. गुरू कशाला म्हणावे हेही आपल्यासारखेच : दीर्घ स्वर असावा, किंवा ऱ्हस्व स्वरापुढे व्यंजनांची जोडी असावी. लॅटिन विशेषणांच्या शेवटी 'इकुस' असे. त्यातला 'इ' ऱ्हस्व, पुढे एकटे व्यंजन, म्हणजे तो लघु. म्हणून आघात त्याच्या मागे सरके. इंग्रजीत येताना 'उस' गळून पडले, पण आघात होता तेथेच राहिला. शेपूट तुटल्यावर खूण तेवढी उरली.

याच नियमाची दुसरी शाखा 'अस'ने संपणाऱ्या विशेषणांत दिसते, आणि मत्स्यशास्त्रात ती फार लागतात. समुद्रातून नदीत चढून अंडी घालणाऱ्या माशाला, उदाहरणार्थ पाल्याला, ज्याला बंगाली लोक इलिश म्हणतात, इंग्रजीत अ-'नॅ-ड्र-मस् असे विशेषण आहे. मांसाहारी या अर्थी कार्-'नि-व्ह-रस्. त्याचेच नाम मात्र 'कार्-नि-व्होर, म्हणजे आघात पहिल्यावर. मुशी आणि पाकट यांच्यासारख्या कूर्चेचा सांगाडा असलेल्या माशांना कार्-टि-'लॅ-जि-नस् म्हणतात. या सगळ्यांत शेवटून दुसरा अवयव लघु आहे, म्हणून आघात तिसऱ्यावर गेला. आता 'ट्रिमेंडस' आणि 'एनॉर्मस' घ्या. येथे शेवटून दुसऱ्या अवयवापुढे व्यंजनांची जोडी आहे, तो आपल्या हिशेबाने गुरू, आणि आघात त्याच्यावरच थांबला आहे : ट्रि-'मेन्-डस्, इ-'नॉर्-मस्. ज्याला 'यमाताराजभानसलगं' म्हणता येते त्याला हे शिकविण्याची गरज नाही, फक्त आठवण करून द्यावी लागते. आपला मूळ शब्दही गणांत मांडता येतो : इक्-थि-अ हा भगण, लॉ-जि-कल् हा रगण. दुय्यम आघात पहिल्या गुरूवर, मुख्य आघात दुसऱ्या गुरूवर. शेवटचा 'कल्' आपल्या मोजणीने गुरू ठरतो, पण इंग्रजी त्याला जमेस धरीत नाही. एवढा एक ठिकाणचा हिशेब जुळत नाही, तो तसाच सोडून द्यावा.

स्वराघाताने अर्थ फिरतो ही कल्पना आपल्या परंपरेला नवी नाही. इंद्राने आपल्या मुलाला मारले म्हणून त्वष्ट्याने यज्ञ केला आणि 'इंद्रशत्रू'च्या वृद्धीची कामना केली. त्याला म्हणायचे होते, इंद्राला मारणारा. पण उदात्त शेवटच्या अवयवावर पडायचा तो पहिल्यावर पडला, तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला, आणि अर्थ निघाला, इंद्र ज्याला मारणारा आहे तो. वृत्र जन्मला आणि इंद्राकडूनच मेला. पतंजलीने व्याकरण का शिकावे हे सांगताना महाभाष्याच्या आरंभीच हा दाखला घेतला आहे. वेदातला स्वर सुराच्या उंचसखलपणाचा आणि इंग्रजीतला आघात मुख्यतः जोराचा, हा भेद ध्यानात ठेवावा. तरी इंग्रजीतही 'इन्-व्ह-लिड् म्हटले तर रोगी मनुष्य आणि इन्-'व्हॅ-लिड् म्हटले तर रद्द झालेला कागद, असा फरक पडतोच. त्वष्ट्याला यज्ञ भोवला, आपल्याला फार तर मुलाखत भोवते.

आता कोणी विचारील, इंग्रजांसारखे बोलण्याचा हा अट्टहास कशासाठी? आमचा तसा अट्टहास नाही. 'थ' आपला दंत्य उच्चारला, 'ट' आपला मूर्धन्य राहिला, तरी ऐकणाऱ्याचे अडत नाही. हे आपल्या बोलण्याचे घरंदाज वळण आहे आणि ते पुसण्यात काही शोभा नाही. पण आघात चुकला की मात्र त्याचे अडते. तेवढा एक कर भरावा आणि बाकीचा माल आपल्या घरचा न्यावा, असे आमचे मत आहे. स्वतः इंग्रजी बोलणाऱ्यांचेही सर्वत्र एकमत कोठे आहे? प्रयोगशाळेला इंग्लंडात ल-'बॉ-र-ट्री म्हणतात, अमेरिकेत आघात पहिल्या अवयवावर नेऊन 'लॅ-ब्र-टो-री म्हणतात.

आणि हा कर फक्त इंग्रजी बोलताना भरावा. मराठीत 'फोटोग्राफर' हा मराठी शब्द आहे. त्याचे चारही अवयव पंक्तीत सारखे बसलेले असतात आणि ते तसेच बसावेत. चांगले मराठी बोलता बोलता मध्येच 'फ-'टॉ-ग्र-फर' म्हणणारे तरुण आम्ही ऐकले आहेत. त्यांना आजी काय म्हणते हे कळते, पण आजीला ते काय म्हणतात हे कळत नाही.

त्या मुलीबरोबर आम्ही पुढे काही दिवस बसलो. नियम फार सांगितले नाहीत. लांब शब्द शेवटाकडून जोडीत आणायचा, एवढेच केले. आधी नुसते 'लॉ-जि-कल्, कारण हा शब्द तिला येतच होता. मग त्याच्या मागे एक हलका 'अ' : अ-'लॉ-जि-कल्. मग थि-अ-'लॉ-जि-कल्, म्हणताना 'थि-अ' घाईने, जणू ओहोटीच्या पाण्यातून पाय उचलीत जावे तसा. शेवटी पुढे 'इक्', जरासा जोर देऊन. टाळी द्यायची ती 'लॉ'वर, इतर कोठेही नाही. चारपाच वेळा टाळी चुकली, मग बसली. हीच रीत दुसऱ्या शब्दांना लावून पाहण्यास हरकत नाही. मेंदूच्या विद्युत्-आलेखाचे विशेषण नऊ अवयवांचे आहे : इ-लेक्-ट्रो-एन्-से-फ-ल-'ग्रॅ-फिक्. त्याला पाहून छाती दडपते, पण शेवटी 'इक' आहे हे दिसले की टाळी कोठे द्यायची ते ठरलेच. मागचे सात अवयव एकेक करून आणून बसवायचे.